अरुगुला लावावा की जंगली रॉकेट? कोकणातल्या परड्यासाठी तुलना

भातं निघाली, परडं मोकळं झालं, विहिरीला पाणी भरपूर आहे आणि आता वाफ्यांत काय घालायचं हा प्रश्न आहे. मुळा, लाल माठ, चवळी, वाल ही आपली ठरलेली मंडळी. पण अलिबाग-मुरुडचे बंगले, दापोली-गुहागरची होमस्टे आणि बांद्याच्या पलीकडे गोव्यातली हॉटेलं यांच्याकडून सॅलडसाठी एका तिखट पाल्याची विचारणा वाढली आहे. त्याला कुणी रॉकेट म्हणतं, कुणी अरुगुला. बियाणं ऑनलाइन सहज मिळतं. घोटाळा होतो तो इथेच. या नावांनी दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. दोन्ही मोहरीच्या कुळातल्या, दोन्हींची चव त्याच वळणाची, पण कोकणात वागतात मात्र अगदी वेगळ्या.

पहिली म्हणजे साधा अरुगुला, शास्त्रीय नाव इरुका. रोमन काळापासून लागवडीत असलेलं पीक. दुसरी डिप्लोटॅक्सिस टेन्युइफोलिया, म्हणजे जंगली रॉकेट. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात ती माळावर, रेल्वेच्या भरावावर, जुन्या भिंतींच्या फटींत आणि समुद्राकाठच्या रेतीत आपसूक उगवते. लोक ती रानभाजी म्हणून खुडून आणत. शेतात पद्धतशीर लागवड सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. आज युरोपात पाकीटबंद मिळणारं रॉकेट बहुतेक हेच असतं. इटलीतल्या सेले नदीच्या मैदानातल्या जंगली रॉकेटला २०२० साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं, आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालं तसं.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या वर्षी साधा अरुगुला लावा. जंगली रॉकेटकडे वळायचं तर आधी एप्रिलपर्यंत टिकणारं गोडं पाणी आणि दर आठवड्याला माल उचलणारा एक तरी पक्का गिऱ्हाईक हवा. या दोहोंपैकी एक नसेल तर त्याची चव कितीही आवडली तरी वाफा अडकवून ठेवू नये.

ओळख आधी

पाकिटावर फक्त ‘रॉकेट’ लिहिलेलं असेल तर शास्त्रीय नाव शोधा. तेही नसेल तर बी हातावर घ्या. अरुगुल्याचं बी मोहरीच्या बारीक दाण्याएवढं असतं आणि एका ग्रॅममध्ये साधारण ५०० ते ६०० दाणे भरतात. जंगली रॉकेटचं बी धुळीसारखं असतं. एका ग्रॅममध्ये तीन-चार हजार दाणे. तळहाताला घाम असेल तर ते चिकटूनच बसतं. ‘सिल्व्हेटा’ या नावाने जे बियाणं मिळतं ते जंगली रॉकेटचं.

रोप वर आलं की फरक उघड दिसतो. अरुगुल्याचं पान रुंद, टोकाला वल्ह्यासारखं गोल, कडेने दोन-चार खोल कापे. जंगली रॉकेटचं पान अरुंद, जाड आणि खालपर्यंत चिरलेलं. फुलांवर आलं की शंकेला जागाच नाही. अरुगुल्याची फुलं मळकट पांढरी असून त्यांवर जांभळट शिरा असतात, जंगली रॉकेटची पिवळीधमक. दोन्हींना चार पाकळ्या, क्रूसासारख्या समोरासमोर, आणि सहा पुंकेसर. त्यांतले चार लांब, दोन आखूड. मोहरीच्या कुळाची ही खूण मुळ्याच्या फुलातही पाहायला मिळते.

पावसाळ्यात आपल्याकडे बांधावर चार पिवळ्या पाकळ्यांची जी पिवळी तिळवण येते, ती हे झाड नव्हे. तिचं कूळ वेगळं, जवळचं असलं तरी. तिचं पान तीन किंवा पाच पर्णिकांचं असतं, अंगाला चिकटपणा असतो आणि पुंकेसर सहाहून कितीतरी जास्त असतात. जंगली रॉकेट कोकणात रानात उगवत नाही. कुणी रानातून आणल्याचं सांगून विकत असेल तर घेऊ नका.

चवीत फरक किती

मोहरी फेसताना जे नाकात चढतं तेच या पाल्यात आहे. पानाच्या पेशींत गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट असतात आणि त्यांच्याशेजारी, पण निराळ्या कप्प्यात, मायरोसिनेज हे विकर असतं. पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. अख्खी मोहरी तोंडात टाकली तर काही जाणवत नाही, पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी येतं, त्याचं कारण हेच. आणि म्हणूनच हा पाला शिजवला की निम्मा अर्थ संपतो. उष्णतेने विकर निकामी होतं आणि उरते ती साधी, किंचित कडसर पालेभाजी.

अरुगुल्याचं कोवळं पान आधी शेंगदाण्यासारखं लागतं आणि मग जरा झोंबतं. जंगली रॉकेट पहिल्या चाव्यापासून झोंबतं, वास उग्र असतो आणि चव जिभेवर बराच वेळ राहते. आपल्या घरात मुळ्याचा पाला कच्चा खाणारी माणसं असतील तर त्यांना जंगली रॉकेट आवडेल. मुलांसाठी, किंवा सॅलड नुकतंच खायला लागलेल्या पाहुण्यांसाठी, अरुगुला बरा. दोन्हींची कोशिंबीर आपल्या पद्धतीने उत्तम होते. पाला हाताने तोडायचा, कांदा उभा चिरायचा, ओलं खोबरं, मीठ आणि वरून कोकमाचं आगळ. तळलेल्या बांगड्याबरोबर ती अशी जमते की लिंबाची फोड लागत नाही. जून झालेली पानं टाकू नका. मुळ्याच्या पाल्यासारखी पीठ पेरून भाजी करा.

एक गोष्ट मात्र कोकणात सगळ्यांनाच अनुभवाला येईल. थंडीतलं पान आणि मार्चमधलं पान ही जणू दोन वेगळी पिकं. ऊन वाढलं, पाण्याचा एखादा दिवस चुकला की अरुगुला इतका कडू होतो की हॉटेलवाला पाकीट परत करतो. जंगली रॉकेटही तिखट होतं, पण कडवटपणाकडे तितकं झुकत नाही. उन्हाळ्यात त्याची बाजू वरचढ ठरते ती इथे.

हंगाम

दोन्ही थंड हवेची पिकं. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री १५-१६ अंशांपर्यंत उतरणारा पारा, आणि दुपारी पुन्हा तिशीच्या वर. युरोपातली पुस्तकं वाचून वेळापत्रक आखलं तर ते फसतं.

अरुगुल्याची चांगली खिडकी दिवाळीनंतर उघडते आणि जानेवारीच्या अखेरीस मिटायला लागते. पेरल्यापासून तीन-चार दिवसांत उगवतो, ३० ते ४० दिवसांत कापायला येतो. जमिनीपासून तीन बोटं सोडून कापला तर पुन्हा फुटतो. दुसरी कापणी चांगली मिळते, तिसरी बेताची. त्याचा स्वभाव घाईचा आहे. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापलं की तो मधला दांडा वर काढून फुलावर येतो. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस साधारण अकरा तासांचा असतो, म्हणून तेव्हा पेरलेला टिकतो. फेब्रुवारीत पेरलेला शिमग्यापर्यंत फुलावर आलेला दिसतो. म्हणून एकदम सगळं बी टाकू नये. दर दहा-बारा दिवसांनी एक-एक वाफा पेरावा, म्हणजे शेवटपर्यंत कोवळा पाला हाताशी राहतो.

जंगली रॉकेट याच्या उलट, सावकाश. उगवायला आठवडा, कधी जास्त. ताज्या बियांत सुप्तावस्था असते, त्यामुळे उगवण पुढे-मागे होते आणि वाफा विरळ दिसतो. पहिली कापणी यायला ५० ते ६० दिवस धरा. तोवर शेजारच्या वाफ्यातला अरुगुला दुसऱ्यांदा कापून झालेला असतो, आणि नव्या माणसाचा धीर इथेच सुटतो. मात्र एकदा मूळ धरलं की ते पीक थांबत नाही. हे बहुवर्षायू झाड आहे, त्याचं सोटमूळ खोल जातं आणि खाली लाकडासारखं घट्ट होतं. कापलं की त्या बुडख्यातून पुन्हा पानं येतात. इटलीत एका पेरणीवर पाच-सहा कापण्या घेतात. आपल्याकडे नोव्हेंबरात पेरलेलं, वर पांढरी शेडनेट आणि पाणी नियमित, असं असेल तर एप्रिलपर्यंत चालतं.

बहुवर्षायू हा शब्द ऐकून मात्र कोकणात हुरळू नये. आपला पाऊस त्याला माहीत नाही. दापोलीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि कोरड्या भिंतीच्या फटीत वाढणाऱ्या झाडाचं मूळ अशा चिखलात कुजणारच. प्लॅस्टिकचं छप्पर असलेलं घर बांधलं तर पावसाळा निभावता येईल, पण त्या दमट हवेत केवडा रोग पानाच्या मागच्या बाजूने पांढुरकी बुरशी घेऊन येतो. तेवढा खर्च करून पावसाळ्यात हे पीक घ्यावं असं मला वाटत नाही. कोकणात जंगली रॉकेटला सहा महिन्यांचं पीक समजून हिशेब मांडावा.

जमीन आणि पाणी

दोघांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक इथे आहे आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही.

आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी. इतक्या पावसाने तिच्यातला चुना आणि गंधक दोन्ही धुऊन जातात. जंगली रॉकेट मुळात चुनखडीच्या, निचऱ्याच्या जमिनीतलं झाड. सामू (मातीची आम्लता सांगणारा पीएच आकडा) सहाच्या खाली असेल तर ते खुरटतं आणि पानं पिवळी पडतात. अरुगुला याबाबत बराच सोशीक आहे, शेणखत चांगलं असेल तर तो जांभ्या मातीतही भरतो. म्हणून जंगली रॉकेट लावायच्या आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात माती तपासून घ्या, आणि सांगतील तेवढा चुना पेरणीच्या महिनाभर आधी मिसळा. शिंपल्यांचा चुना जवळ मिळत असेल तर तो चालतो.

गंधकाकडे दुर्लक्ष करू नका. या कुळाचा तिखटपणाच गंधकावर उभा आहे. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं तर त्यातून सुमारे ११ टक्के गंधकही मिळतं, वेगळं काही घालावं लागत नाही. नुसत्या युरियावर पाला हिरवागार आणि मोठा होतो, पण चव पातळ होते.

पुळणीच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रेताड जमिनीत चित्र उलटतं. जंगली रॉकेटला रेती आवडते आणि थोडा खारटपणाही ते सोसतं. मालवण, वेंगुर्ले, गुहागर, श्रीवर्धन अशा किनाऱ्यावरच्या आगरांत मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागतं. तिथे अरुगुल्याच्या पानांच्या कडा आधी करपतात, जंगली रॉकेट आणखी काही आठवडे टिकाव धरतं. पाणी चाखल्यावर जिभेला खारट लागत असेल तर मात्र ते कशालाच घालू नये. ‘एप्रिलपर्यंत टिकणारं गोडं पाणी’ असं मी वर म्हटलं ते यासाठी. थोडं मचूळ ते सोसतं, पण समुद्राचं पाणी शिरलेल्या विहिरीवर पीक उभं राहत नाही.

आगरात म्हणजे नारळ-पोफळीच्या सावलीत लावावं का, हे बरेच जण विचारतात. दुपारची विरळ सावली अरुगुल्याला मानवते, फुलावर यायला उशीर होतो. पण पोफळींची दाट सावली दोन्हींना वाईट. पान लांबट, फिकट आणि पाणचट होतं. नारळांच्या ओळीत, जिथे सकाळचं ऊन पुरेपूर येतं, ती जागा निवडा.

पाणी तुषाराने किंवा झारीने बी उगवेपर्यंत, नंतर ठिबक किंवा सरीतून. पाट सोडून वाफा भरला तर जंगली रॉकेटचं बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं. त्याचं बी चाळलेल्या कोरड्या रेतीत मिसळून पेरा, वर माती ओढू नका, फक्त फळीने हलकं दाबा. अरुगुला सेंटिमीटरभर खोल पेरला तरी चालतो. ज्यांना जंगली रॉकेटची सरळ पेरणी जमत नाही त्यांनी नारळाच्या भुशाच्या ट्रेमध्ये रोपं करून चार पानांवर लावावीत. वेळ जास्त जातो, पण वाफा भरलेला मिळतो.

कीड, आणि आंब्याची फवारणी

मोहरीच्या कुळाला लागणारी कीड दोघांनाही लागते. पिसूभुंगेरे कोवळ्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडतात, काळी अळी कडा कुरतडते, ढगाळ हवेत मावा येतो. अरुगुल्याचं पान पातळ, त्यामुळे भुंगेऱ्यांची भोकं त्याच्यावर जास्त डोळ्यांत भरतात. घरी खायला काही बिघडत नाही, पण हॉटेल घेत नाही. पेरल्या दिवसापासून कीटकरोधक जाळी टाकणं हाच खरा उपाय. निंबोळी अर्क ५ टक्के चालतो, पण कच्च्या खायच्या पाल्यावर कापणीच्या तोंडावर मारू नये, वास राहतो. जिथे आधी मुळा किंवा कोबी होता त्या वाफ्यात हे पीक लागलीच घेऊ नये.

आता कोकणापुरता सर्वांत गंभीर मुद्दा. आपल्या अरुगुल्याचा उत्तम हंगाम आणि आंब्याच्या मोहोराचा हंगाम एकच. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तुडतुड्यांसाठी बागांतून औषधांच्या फवारण्या चालतात आणि फवाऱ्याचा तुषार वाऱ्याबरोबर गडग्याच्या पलीकडे सहज जातो. शिजवून खायच्या भाजीलाही हे बरं नाही, पण हा पाला कच्चा खाल्ला जातो. कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत आंतरपीक म्हणून रॉकेट लावायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, बाग तुमची स्वतःची असली तरी. बागेपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, शक्य असेल तर घराच्या आडोशाला जागा धरा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे आणि दुपारी समुद्राकडून आत असतो, हे लक्षात घेऊन शेजाऱ्याशी बोलून फवारणीची वेळ माहीत करून घ्या. जागाच नसेल तर हे पीक त्या वर्षी सोडून द्यावं. अरुगुला महिनाभराचं पीक असल्यामुळे दोन फवारण्यांच्या मधल्या काळात बसवता येईल, असंही कुणी सुचवेल. मला तो हिशेब पटत नाही. जंगली रॉकेटच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नाही, ते पूर्ण मोहोरभर शेतात उभं असतं.

भाताची कापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, हे वेगळं सांगायला नको. वई पक्की हवी.

विकायचं असेल तर

पाला दोन तासांत मान टाकतो, हे ध्यानात ठेवून सगळं ठरवा. भल्या पहाटे, दव असताना कापायचा, सावलीत आणायचा, थंड पाण्यातून काढून निथळायचा आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. थंडाव्यात अरुगुला आठवडाभर बरा राहतो. जंगली रॉकेटचं पान जाड, ते त्याहून बरेच दिवस टिकतं. रत्नागिरीहून मुंबईला माल धाडायचा असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. अरुगुला लांब पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. तो वीस-तीस किलोमीटरच्या आतल्या होमस्टेला आणि आठवडी बाजाराला द्यावा. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या माणसाला गोवा जवळ, त्याने जंगली रॉकेटचा विचार अधिक मनावर घ्यावा. नाताळपासूनचा पर्यटनाचा काळ आणि या पिकाचा काळ जुळतो, पण मागणी फेब्रुवारीनंतरही राहते आणि तेव्हा आजूबाजूला अरुगुला संपलेला असतो.

जुडी बांधून बाजारात नेली तर कोकणातलं गिऱ्हाईक मुळ्याच्या पाल्याच्या भावाने मागणार. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून पेरायच्या आधी दोन स्वयंपाकघरांत जाऊन बोला, नमुना द्या, आठवड्याला किती लागेल ते विचारा. दोन्ही वनस्पतींची पानं वेगवेगळी दाखवा. काही आचारी पिझ्झावर शेवटी टाकायला जंगली रॉकेटच मागतात, कारण गरम पिठावर अरुगुला लगेच मऊ पडतो. सॅलडच्या मोठ्या वाडग्यासाठी मात्र रुंद पानाचा अरुगुला स्वस्त पडतो.

बियाण्याच्या खर्चातही अंतर आहे. अरुगुल्याचीच जात राजस्थान-हरियाणात तारामिरा म्हणून तेलासाठी पेरतात, पावसानंतरच्या नुसत्या ओलीवर ते पीक येतं. त्यामुळे त्याचं बी किलोने आणि स्वस्त मिळतं. पान जास्त झोंबणारं आणि फुलावर लवकर येणारं, पण परड्यात चव घेऊन बघायला ते पुरेसं आहे. औषध चोळलेलं बी नाही ना, एवढी खात्री करा. अरुगुल्याचं बी घरीही धरता येतं. चार-पाच चांगली, उशिरा फुलावर येणारी झाडं राखावीत, मधमाश्यांना येऊ द्यावं आणि वळवाच्या आधी सुकलेल्या शेंगा उतरवाव्यात. लवकर फुललेल्या झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी सगळाच वाफा घाई करतो. जंगली रॉकेटचं बी इतकं बारीक आणि शेंगा इतक्या सहज फुटणाऱ्या की घरी धरायच्या खटपटीत पडू नये, विकत घ्यावं.

नायट्रेटबद्दल

गिऱ्हाइकाने विचारलं तर उत्तर ठाऊक असावं. दोन्ही रॉकेट जमिनीतला नायट्रेट पानांत साठवतात, इतर पालेभाज्यांपेक्षा जास्त. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोला ३,५०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तर रॉकेटसाठी उन्हाळी कापणीला ६,००० आणि हिवाळी कापणीला ७,०००. हिवाळ्याची मर्यादा जास्त असण्याचं कारण उजेड. ऊन कमी मिळालं की झाड नायट्रेट वापरू शकत नाही आणि तो पानांत पडून राहतो. आपल्याकडे थंडीतही ऊन भरपूर, ही आपली जमेची बाजू. ती दाट शेडनेट आणि युरियाने घालवू नये. कापणीच्या आधीचे दहा-बारा दिवस नत्र पूर्ण बंद ठेवावं. दिवसभर ऊन खाल्लेल्या पानात नायट्रेट कमी असतो, म्हणून घरच्यासाठी संध्याकाळी कापावं. विकायच्या मालाला पहाटच सोयीची, तिथे टिकाऊपणा बघावा लागतो. पानांत के जीवनसत्त्वही बरंच असतं. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी रोजच्या रोज वाडगाभर खायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं.

दोन्ही नको वाटलं तर

हे मनापासून लिहितो, कारण नव्याच्या मागे लागून आपल्या घरचं सोडायचं नसतं. घरात खाणारी चार माणसं आणि विकायचा विचार नाही, तर मुळा काही कमी नाही. त्याचा कोवळा पाला कच्चा खाता येतो, कंद मिळतो आणि फुलावर आलाच तर डिंगऱ्यांची भाजी होते. रॉकेट फुलावर आलं की जवळजवळ संपलं, मुळा त्यानंतरही देत राहतो.

आणि अळीव. बाळंतिणीच्या लाडवापुरता डब्यात ठेवलेला अळीव याच कुळातला आहे. ओल्या कापडावर किंवा दोन बोटं मातीच्या ताटलीत दाट पेरला तर आठवडाभरात कापण्याजोगी तिखट, कोवळी रोपं मिळतात. बी भिजलं की त्याला बुळबुळीत थर येतो, म्हणून आधी भिजवत ठेवू नये, कोरडंच पेरून वरून पाणी शिंपडावं. शहरात सदनिकेत राहणाऱ्या आणि सुट्टीपुरतं गावी येणाऱ्यांना मी दोन्ही रॉकेटपेक्षा हेच सुचवतो. पाणी घालायला माणूस नसेल तर वाफ्याचं पीक धरूच नये.

जंगली रॉकेट लावणाऱ्यांसाठी शेवटचं काम

मे संपायच्या आत ते उपटून टाका, मुळासकट. हे झाड जिथे मानवतं तिथे तण होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात ते तण म्हणूनच ओळखलं जातं. मुळाच्या तुकड्यातून ते पुन्हा फुटतं आणि गुरांनी खाल्लं तर दुधाला आणि मांसाला वास लागतो. आपल्या पावसात ते टिकेल असं वाटत नाही, पण कोरड्या कातळावर, जांभ्याच्या गडग्यांच्या फटींत किंवा पुळणीत बी पडून राहिलं तर ते कसं वागेल यावर पैज लावू नये. फुलं दिसू लागली की दांडे खुडत राहा, शेंगा पिकू देऊ नका. उपटलेली मुळं खताच्या खड्ड्यात टाकण्याऐवजी उन्हात कडक वाळवा आणि राब भाजताना त्यात जाळा. वाफा जूनआधी मोकळा झाला की तिथे भेंडी किंवा पडवळ धरता येतं.